लाभ, मग एक

मागच्या वर्षी एका लग्नात एक तहसीलदार पंगतीतून उठून माझ्याकडे आला आणि वाकून पाया पडला. "आबा, तुम्ही धान्य बंद होऊ दिलं नाही म्हणून मी शिकलो," असं त्यानं आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. माझ्या तोंडात जिलेबी होती म्हणून मी गप्प बसलो. जिलेबी संपली तरी गप्पच बसलो. गेली कित्येक वर्षं असंच चाललं आहे. कोल्हापुरातल्या आमच्या बोर्डिंगात राहून मोठी झालेली मुलं भेटतात, आभार मानतात, आणि मी दुसऱ्याचे आभार घेऊन घरी येतो. धान्य बंद करायचा ठराव मी स्वतः लिहिला होता. तो पाडणारा माणूस वेगळा होता. तो आता नाही, आणि माझंही वय झालं. मी सांगितलं नाही तर चुकीचीच गोष्ट मागे राहील.

ते आमच्या बोर्डिंगचे रेक्टर. उंच, हाडकुळे, आवाज मात्र तालमीतल्या वस्तादाचा. दिवसा शिवाजी पेठेतल्या एका शाळेत इतिहास शिकवायचे आणि उरलेला सगळा वेळ बोर्डिंगच्या धान्यकोठीत एका भरल्या पोत्यावर बसून असायचे. संस्थेनं त्यांना खुर्ची दिली होती. तिच्यावर ते चवळीच्या शेंगा वाळत घालत. "खुर्चीवर बसलं की झोप येतीया, पोत्यावर बसलं की काळजी वाटतीया," हे त्यांचं कारण. पोरं पाठीमागं त्यांना 'पोतं सर' म्हणत. एकदा कुणीतरी ही चहाडी त्यांच्या कानावर घातली, तर म्हणाले, "रिकामं पोतं तर म्हणत न्हाईत न्हवं? मग म्हणू दे की."

बोर्डिंगची पद्धत जुनी होती. मुलानं पैसे आणायचे नाहीत, जूनमध्ये घरचं धान्य आणायचं. गगनबावडा, शाहूवाडीकडची पोरं नाचणी आणि भात आणत, आजऱ्याकडची घनसाळ तांदूळ, गडहिंग्लजकडची कानडी बोलणारी पोरं शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी. शाळा सुटण्याच्या वेळेला शहरात पोहोचणाऱ्या एस.टी.च्या टपावरून पोती उतरत, आणि सर ती एकेक सोडून दाणा दाताखाली धरून फोडत. 'कट्' असा आवाज आला तर धान्य वाळलेलं. नाही आला तर बापाला तिथंच, "पावणं, हे वाळवून आणा. माझ्या कोठीत कोंब फुटाय नगोत."

नमस्कार ते कधी करत नसत. माणूस दारात आला की पहिला प्रश्न, "काय खाऊन आलासा?" एकदा शिक्षण खात्याचे एक साहेब तपासणीला आले. सरांनी त्यांनाही तेच विचारलं. साहेब गोंधळून म्हणाले, "पोहे."

"पोहे म्हंजे भात. कुठल्या रानातला?"

"ते काही ठाऊक नाही."

"मग आमची तपासणी काय करतासा? आधी सोताच्या पोटाची करा की."

मी संस्थेचा चिटणीस. मी माफी मागायला पुढं झालो. साहेब मात्र इतके हसले की कोठीतच मांडी घालून बसले आणि जेवूनच गेले.

शाळेत ते इतिहास शिकवत म्हणजे काय शिकवत, हे सांगायला हवं. पानिपताचा धडा ते तोफांपासून सुरू करत नसत. दाणागोटा कधी तुटला, सैन्यात धान्य काय भावानं विकलं जात होतं, इथून सुरुवात. "भाला लागून पडलं ते मागनं. आधी भाकरीनं पडलं," असं सांगून ते फळ्यावर एक भाकरी काढत आणि तास संपेपर्यंत ती पुसू देत नसत. दरवर्षी बोर्डिंगची सहल पन्हाळ्याला जाई. बाकीच्या शाळांची मुलं बुरुज आणि तबकउद्यान बघत फिरत, आमची पोरं थेट अंबरखान्यात. त्या दगडी कोठारांच्या गारव्यात सर सगळ्यांना बसवत, शिदोऱ्या सोडायला लावत आणि सांगत, "तलवार बघायला सगळं गाव जातंय. आपण कोठार बघायचं. किल्ला ह्यानं लढतोय." पोरं कुरकुरत. पण ती पोरं आज आपल्या मुलांना घेऊन पन्हाळ्याला गेली की आधी अंबरखान्यात जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि त्यांचा सोमवार. सोमवारी रात्री ते जेवत नसत. आम्हाला वाटायचं, महादेवाचा उपास. पण त्यांना कधी देवळात जाताना कुणी पाहिलं नव्हतं. एकदा मी विचारलं.

"महादेवाचा न्हाय, देशाचा," ते म्हणाले. "धान्य कमी पडतंया, सोमवारी एक वेळ सोडा, असं पंतप्रधानांनी सांगितलं हुतं. म्या सोडलं."

"सर, त्याला तीस वर्षं झाली. आता सरकारची गोदामं भरून वाहताहेत."

"व्हय. पण आता परत जेवा म्हणून कुणी सांगितलं का? न्हाय सांगितलं."

ते हे विनोदानं म्हणत होते की मनापासून, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. दोन्ही असावं.

देशाचा इतिहास दिल्लीत घडत नाही, आपल्या दारात पोत्यातून येतो, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य होतं. ते नोकरीला लागले तेव्हा पोरं रेशनवरची मिलो आणत. मिलो म्हणजे अमेरिकेतून जहाजानं येणारी लाल ज्वारी. तिकडं ती जनावरांना घालत, इकडं आम्ही रांगा लावून घेत असू. मग बहात्तरचा दुष्काळ आला आणि पोतीच आली नाहीत. मग हायब्रीड ज्वारी आली, नवा गहू आला, आणि पोती अशी टम्म फुगून येऊ लागली की कोठीचं दार लागेना. हे सांगताना सरांचा आवाज चढायचा. "आरं, दुसऱ्याच्या जहाजाकडं डोळं लावून बसलेला देश ह्यो! त्यानं एका पिढीत कोठारं भरली. अडाणी म्हणून ज्यांना हिणवलं त्यांनी भरली. ह्याच्यापुढं कसली लढाई सांगतासा?" आणि समोरच्या पोराच्या पाठीत अशी थाप मारत, जणू तो सगळा विजय त्या पोरानंच मिळवला होता.

नव्वदनंतर पोती पुन्हा कमी होऊ लागली. या वेळी कारण उलटं होतं. नदीकाठी उपसा योजना झाल्या, पाणी टेकाडावर चढलं आणि जिकडं तिकडं ऊस झाला. उसाचा पैसा आला, घरं झाली, पोरं शिकली. पण शाळूचं रान गेलं. त्या गावांची पोरं आता पोत्याऐवजी नोटा घेऊन येऊ लागली. सर उसाच्या विरुद्ध नव्हते, लोक उगीच तसं सांगतात. ते म्हणत, "ऊस जावई हाय. त्याला पाट द्यावा, मान द्यावा. पण घरची कणगी जावयाच्या ताब्यात देऊ नये." नोटा घेऊन आलेल्या बापाला ते सरळ बाजारात पिटाळत. "ह्या नोटंची भाकरी थापून दावा, मग घेतो. न्हायतर धान्य घिऊन या."

मला हे सगळं गावंढळ वाटायचं. मी पेठेतला, व्यापाऱ्याच्या घरातला, बँकेत नोकरी करणारा. आमच्याकडं महिन्याचं सामान वाण्याकडून येई, दाण्याशी माझा संबंध ताटातच. बोर्डिंगाची कोठी रस्त्याला लागून होती. तिथं दुकानगाळे काढले, जेवणाचं कंत्राट दिलं आणि मुलांकडून महिन्याला रोख घेतली, तर संस्था सुखानं चालेल, असा माझा हिशेब. हिशेब म्हणून तो चुकीचा नव्हता. फक्त डोंगराकडच्या पोरांच्या घरी दाणा होता, नोट नव्हती. ठराव झाला असता तर ती उन्हाळ्याच्या सुट्टीला गेलेली पोरं जूनमध्ये परत आली नसती. हे मला कळत होतं. मी ते सभेच्या कागदावर आणलं नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या हातात होती. आपल्याकडं धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, असं मोजतात. सीमेकडची कानडी माणसंही तसंच मोजतात. पण एका जूनमध्ये मी कोठीच्या दारात उभा असताना ऐकलं. सर पायलीचं पितळी माप शीग लावून भरत होते आणि मोठ्यानं म्हणत होते, "लाभ... एक... दोन... तीन..." म्हणजे लाभ वेगळा, एक वेगळा! दर पोत्यामागं एक माप जास्त. आणि ते लाभाचं माप कोपऱ्यातल्या एका वेगळ्या कणगीत पडत होतं. तिला कुलूप, किल्ली सरांच्या करदोट्याला. बापलोक समोर उभे राहून बघत होते आणि हूं की चूं करत नव्हते.

मी ताडलं की म्हातारा धान्य विकतो. त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित त्यांनी सांगितलं असतं, आणि मग माझ्या हातात काही उरलं नसतं.

कार्यकारिणीची सभा सुट्टी लागण्याआधीच्या रविवारी होती. बहुतेक सभासद बोर्डिंगातच शिकलेले, आता बागायतदार, वकील, दूध संघातली माणसं. अध्यक्ष तर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचा मालक, वयानं माझ्याहून लहान, पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा. ठरावाला त्यांची हरकत नव्हती. मी कागद काढणार तोच सर दारात आले.

"ठराव करा. पण आधी जेवा. उपाशीपोटी माणसानं ठराव करू नये, चुकतोय."

सगळे हसले आणि स्वयंपाकघरात पंगतीला बसले. पोरं वाढायला. सर हातात पाण्याचा तांब्या घेऊन रांगेतून फिरत होते, तासावर फिरावं तसे.

पहिल्यांदा ताटात एक लालसर, कडांना चिरलेली भाकरी पडली आणि बाजूला मीठ. बस्स. सभासद एकमेकांकडं बघू लागले. सभासदांतल्या एका वकिलांनी घास मोडला, तोंडात घातला आणि थांबले.

"आयला, मिलो! सर, ही मिलो की ओ!"

"वळकलासा. बरूबर."

"आता कुठनं आणलीसा?"

"जहाज तर बंद झालंया. कोंबडीखाद्याच्या दुकानात मिळतीया लाल ज्वारी. चवीत काय फरक?"

"काय न्हाय. तवाबी घशाखाली उतरत न्हवती."

"पण उतरवलीसा. म्हणून तर वकील झालासा. संपवा. ताटात टाकाय मिळायचं न्हाय."

मग आली सुकडी. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांना वाटत ती गोडसर भुकटी. वाटीभर सुकडीकडं अध्यक्ष बराच वेळ बघत राहिले. त्यांनी ती खाल्ली आणि पोराला खूण करून पुन्हा घेतली.

मग हायब्रीडची भाकरी आणि खर्डा. दूध संघवाले एक सभासद म्हणाले, "सकाळी केली की सांजच्याला कौल व्हायचा हिचा."

"पण प्वाट भरलं का न्हाय?"

"भरलं की."

"मग नावं ठिवू नगा. जहाजं परत धाडली तिनं."

पंगतीत आता हशा आणि आठवणींचा नुसता कल्ला उठला होता. कुणी कुणाची भाकरी पळवली होती, कुणी दगडानं मिलोची भाकरी फोडून दाखवली होती. मग गरम घनसाळ भात आला, त्याच्या वासानं सगळ्यांनी ताटं पुढं सरकवली, आणि नाचणीची मऊ भाकरी, झुणका, कुळथाची आमटी. "ही यंदाची," सर म्हणाले. "वाढणाऱ्या पोरांच्या रानातली." सभासद बोटं चाटून जेवले. शेवटी ताटं उचलून प्रत्येकापुढं एक स्वच्छ ताट ठेवलं गेलं, आणि त्यात उसाचं एक कांडं.

"ह्ये काय, सर?"

"जूनपास्नंचं जेवाण. तुम्हीच पिकवतासा. चावा."

कुणी चावेना. कुणी हसेना. सभेचा रंग पालटतोय हे मला दिसलं, आणि मी राखून ठेवलेला दगड मारला. उभा राहून म्हणालो, "सर, जेवण छान झालं. पण एक खुलासा हवा. दर पोत्यामागं एक माप तुम्ही जास्त घेता. तो लाभ जातो कुठं?"

सरांनी हातातला तांब्या खाली ठेवला.

"तुमच्या पोटात," सर शांतपणे म्हणाले. "आत्ता गेला. ती मिलो सोडली तर आजचा सैपाक त्यातलाच हाय."

थोडे हसले. मी चिकाटी सोडली नाही. "आजचं ठीक. दरवर्षीचं?"

"त्ये म्या सांगत न्हाय."

"संस्थेला सांगावं लागेल."

"न्हाय सांगत. ज्यानं खाल्लाय त्यानं सांगावं. न्हायतर पचवावं."

मला वाटलं, मी जिंकलो. एवढ्यात अध्यक्ष उठले. त्यांच्या हातात अजून ते उसाचं कांडं होतं.

"म्या पचवलाय," ते म्हणाले.

पुढं त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत देतो. "बहात्तर साल. बा खडी फोडाय गेलता. जूनमधी मला घिऊन आला, खांद्यावर रिकामं पोतं. रिकाम्या हातानं कसं यायचं म्हणून पोतं आणलं बघा. भाईर रांगेत सगळी पोरं, त्यांचं बाप. सरांनी पोत्याचं तोंड सोडून बघितलं आणि कोठीचं दार आतनं लावून घेतलं. मग माप हातात घेतलं आणि मोठ्यानं मोजाय लागले. लाभ... एक... दोन... मापात काय न्हवतं, पोत्यात काय न्हवतं. आवाज तेवढा भाईर जात हुता. माझा बा भितीला टेकून रडत हुता आणि सर मोजत हुते. बारापत्तुर मोजलं. दार उघडून म्हणाले, 'धान्य चांगलं हाय, पोरगं आत घ्या.' आजपत्तुर कुणाला ठावं न्हाय. माझ्या बायकूलाबी न्हाय. चिटणीस, तुम्ही इच्यारलासा, लाभ कुठं जातोय. ह्यो हितं उभा हाय."

मग वकील उठले. एकच शब्द बोलले, "मीबी." आणि मग पंगतीच्या टोकाला बसलेले दूध संघवाले, ज्यांना सगळे गर्भश्रीमंत समजत, त्यांनी बसल्या जागी हात वर केला. ते तिघं एकमेकांकडं बघत राहिले. वीस-पंचवीस वर्षं एका ताटाला ताट लावून बसणाऱ्या या माणसांना एकमेकांचं ठाऊक नव्हतं. सर तेवढे रागावले होते. "कशाला बोललासा? झाकलं हुतं ते बरं हुतं की," असं पुटपुटत ते उगाचच चुलीतली लाकडं मागं-पुढं करत होते.

ठराव वाचलाच गेला नाही. अध्यक्षांनी उभ्याउभ्या नवा सांगितला. धान्य घेणं चालू राहील, कोठी तिथंच राहील, नोटा आणणाऱ्यांनीही वर एक माप धान्य आणायचं, आणि लाभाचा हिशेब रेक्टरांना कुणी कधी विचारायचा नाही. हात वर झाले. माझा सगळ्यात शेवटी झाला. पुढं हा नियम पत्रातून गावोगाव गेला तो चिटणीस म्हणून माझ्या सहीनं. म्हणून पोरांना माझं नाव ठाऊक झालं. सर तर असल्या कागदावर सही करणाऱ्यांतले नव्हतेच. त्यानंतरही बरीच वर्षं ते त्या पोत्यावर बसले. रेशनकार्डं पिवळी, केशरी, पांढरी झाली तेव्हा म्हणाले, "पोटाला रंग कवापास्नं आला?" आणि त्यांच्या हयातीत जूनमध्ये कुणी पोर रिकाम्या पोत्यापायी दारातून परत गेलं नाही. त्यांच्यामागं आजवरही गेलेलं नाही. त्याचं श्रेय मी घेतलं, ते आता ज्याचं त्याला दिलं.

त्या दिवशी हात खाली आल्यावर सर वळले. "झालं न्हवं? आता ताटं उचला. हितं आपलं ताट आपण घासायचं असतं, इसरलासा काय?"

आणि मग जे झालं ते कोल्हापुरात पुन्हा कधी व्हायचं नाही. मागच्या नळावर अख्खी कार्यकारिणी ताटं घेऊन रांगेत उभी राहिली. अध्यक्षांनी कडक बाह्या कोपरावर सारल्या आणि उकिडवं बसून राख घेतली. वकील त्यांच्या अंगावर पाणी उडवत होते. वर गॅलरीत पोरांची ही गर्दी. "अध्यक्ष, खालनंबी घासा!" म्हणून वरनं आरोळी आली आणि अध्यक्षांनी खरंच ताट उलटं केलं. शिट्ट्या, टाळ्या.

मी माझं ताट विसळून सरांपुढं धरलं. त्यांनी ते हातात घेतलं, उन्हाकडं तिरकं करून बघितलं आणि परत माझ्या हातात दिलं.

"चिटणीस, कड ऱ्हायलीया."

एवढंच. मी खाली बसलो, पुन्हा राख घेतली. "दम लावा की सायेब!" गगनबावड्याकडचं एक पोरगं वरून ओरडलं, आणि जूनमध्ये परत यायचं नक्की झालेली ती सगळी गॅलरी खदाखदा हसली.